ईजीआर साफ केला तरी दिवा परत लागतो: जुन्या ट्रकचं हे दुखणं मुळापासून कसं शोधायचं

चेक लाइट लागतो, गाडी काळा धूर मारते, घाटात ओढत नाही. मिस्त्री स्कॅनर लावतो, ईजीआरचा, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, कोड निघतो, व्हॉल्व्ह खोलून कार्बन काढला जातो आणि गाडी पळायला लागते. महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणतं व्हॉल्व्हच बदला. नवा व्हॉल्व्ह बसतो, चांगले पैसे जातात आणि हंगाम संपायच्या आत तोही काळाठिक्कर. ज्यांची गाडी या फेऱ्यात अडकली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ईजीआर काजळी तयार करत नाही. काजळी इंजिनात तयार होते, ईजीआर ती फक्त पुढे नेतो. व्हॉल्व्ह वारंवार चोक होत असेल तर तीनपैकी एक गोष्ट घडत असते: काजळी प्रमाणाबाहेर तयार होतेय, किंवा तिच्यात तेल मिसळून डांबर होतंय, किंवा व्हॉल्व्ह धडधाकट आहे पण ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, चुकीची खबर जातेय. यातलं कुठलं, हे ठरण्याआधी व्हॉल्व्ह खोलून साफ करणं म्हणजे पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेणं.

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते. प्रदूषणाच्या भारत स्टेज निकषांपैकी देशभरात बीएस-३ लागू झालं २०१० मध्ये आणि बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. या दहा वर्षांतल्या पिकअप आणि हलक्या-मध्यम ट्रकमध्ये, म्हणजे साधारण अडीच ते पावणेचार लिटरच्या कॉमन रेल इंजिनांत, ईजीआर हमखास भेटतो. मोठ्या गाड्यांत दोन वाटा होत्या. काहींनी युरियाचा, म्हणजे एससीआरचा मार्ग धरला. अशोक लेलँडने बीएस-४ च्या वेळी 'आयईजीआर' नावाने ईजीआरवरच भर दिला. तुमच्या गाडीला निळ्या झाकणाची युरियाची टाकी असेल तर नॉक्सचा, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचा, बराचसा भार तिकडे आहे आणि खाली लिहिलेलं सगळंच तिला लागू होणार नाही.

काम काय करतो हा ईजीआर? सिलिंडरच्या आतलं तापमान साधारण १,३७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड बनायला लागतात. ते तापमान खाली ठेवायला एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इनटेकमध्ये सोडतात. त्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे जळण थोडं मंद होतं. गॅस भलताच गरम असतो म्हणून बहुतेक बीएस-४ गाड्यांत वाटेवर पाण्याचा कूलर असतो. आयडलिंगला आणि हलक्या लोडवर व्हॉल्व्ह उघडतो. पूर्ण रेस दिली की बंद होतो, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते.

व्हॉल्व्ह उघडा अडकलाय की बंद?

ड्रायव्हरला विचारा, पण "गाडी कशी चालते" असं विचारू नका. "चढावर थर्ड गिअरमध्ये रेस दिल्यावर मागे आरशात काय दिसतं?" असं विचारा. व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर भर रेसमध्येही एक्झॉस्टचा गॅस आत येत राहतो, ताजी हवा कमी पडते. काळा धूर, पिकअप गायब, ॲव्हरेज खाली, आयडलिंगला इंजिन थरथरतं आणि इंजिन ऑइल लवकर काळं-जाड होतं. ही तक्रार घेऊन माणूस लगेच गॅरेजला येतो.

बंद अडकलेल्या व्हॉल्व्हची तक्रार मात्र कुणी करत नाही. गाडी उलट छानच ओढते. फक्त दिवा लागतो, थोडी टणटण वाढते, आणि काही गाड्यांत ईसीएम ताकद कापतो, मग गाडी बांधल्यासारखी चालते. म्हणून "दिवा लागलाय पण गाडी एकदम मस्त आहे" हे वाक्य कानावर आलं की मी आधी फ्लो कमी असल्याचा कोड शोधतो.

कोड वाचताना: पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त. पी०४०३ वायरिंग किंवा सोलेनॉइडच्या (विजेवर उघड-बंद होणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या) सर्किटचा. पी०४०४ म्हणजे व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागी जात नाही. पी०४०५ आणि पी०४०६ पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज कमी किंवा जास्त. यांतला पी०४०१ सगळ्यात फसवा. तो आला की व्हॉल्व्ह चोक, असं डोळे झाकून धरलं जातं. पण ईसीएमला व्हॉल्व्हमधून जाणारा गॅस थेट दिसत नाही. तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज दुसऱ्याच एका सेन्सरवर उभा असतो.

एअर मास सेन्सर: खोटी साक्ष देणारा साक्षीदार

एअर फिल्टरनंतरच्या पाइपात एअर मास सेन्सर असतो. इंजिन दर स्ट्रोकला किती ताजी हवा घेतंय हे तो सांगतो. ईजीआर उघडला की सिलिंडरमधली काही जागा जुन्या गॅसने भरते, म्हणजे ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी. ती कमी झाली तर ईसीएम म्हणतो गॅस आला. नाही झाली तर पी०४०१.

आकडे हाताशी ठेवा. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला सव्वासहाशे सीसी जागा असते. समुद्रसपाटीला, तीस अंश तापमानात एवढ्या हवेचं वजन सातशे मिलिग्रॅमच्या थोडं वर भरतं. पूर्ण भरत नाही हे धरून आयडलिंगला, ईजीआर बंद असताना, स्कॅनरवर सहाशेच्या आगेमागे आकडा यायला पाहिजे. ईजीआर उघडला की तो चारशेपर्यंत, काही गाड्यांत त्याच्याही खाली येतो. रत्नागिरीत आणि पुण्या-कोल्हापुरात तोच आकडा दिसणार नाही. घाटावर हवा विरळ म्हणून पाच ते आठ टक्के कमी. एप्रिलच्या दुपारी आणखी थोडा. मोठं इंजिन असेल तर त्या प्रमाणात आकडा वाढवून घ्या.

आता बघायचं असं. इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरमधून ईजीआर उघड-बंद करायचा आदेश द्या. आकडा झपकन खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह आणि त्याची वाट दोन्ही मोकळ्या आहेत, कार्बन काढण्याच्या नादी लागू नका. आकडा हलतच नाही पण इंजिनाचा आवाज बदलतो, तर सेन्सरवर संशय घ्या. आकडाही नाही, आवाजही नाही, तर व्हॉल्व्ह किंवा वाट बंद आहे. सुरुवातीलाच, ईजीआर बंद असताना, आकडा चारशे दाखवत असेल तर सेन्सर मळलाय, किंवा फिल्टर चोक आहे, किंवा सेन्सरच्या पुढच्या पाइपातून हवा आत ओढली जातेय.

आपल्याकडे हा सेन्सर बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे कागदी एअर फिल्टर हवा मारून परत परत घालणं. कॉम्प्रेसरची नळी कागदाला टेकवून हवा मारली की बारीक फाट पडते. डोळ्याला दिसत नाही. फिल्टर उजेडात धरून आत बल्ब लावला तर एखादा ठिपका चमकतो. तेवढ्या ठिपक्यातून उसाच्या रानातली धूळ दिवसभर सेन्सरवर बसते. सेन्सर साफ करायला त्याचाच स्प्रे किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. कार्ब क्लीनर नको, कापूस नको, बोट तर नकोच. आतली फिल्म नाजूक असते.

घाईची एक चाचणी: सेन्सरचं कनेक्टर काढून गाडी थोडी चालवून बघा. कोड येईल, येऊ दे. कनेक्टर काढल्यावर पिकअप परत आला तर सेन्सरच चुकीचं सांगत होता. काहीच फरक पडला नाही तर पुढे चला.

व्हॅक्यूमवर चालणारा ईजीआर

बीएस-३ च्या आणि बऱ्याच बीएस-४ पिकअपमध्ये व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडतो. अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप, त्याच्यापासून नळी, मग सोलेनॉइड, मग व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा डायफ्राम, म्हणजे पडदा. एवढ्या साखळीत रबरी नळ्या सगळ्यात आधी जातात. इंजिनाच्या उष्णतेने कडक होतात, टोकाला चिरतात, नळी जागेवर बसलेली दिसते पण हवा ओढत असते. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून नळी परत घातली तरी कित्येकदा काम होतं, लांबी पुरत असेल तर.

हातपंप नसेल तर मेडिकलमधून पन्नास मिलिची सिरिंज आणा. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची नळी काढून तिथे सिरिंजची नळी घाला आणि दट्ट्या ओढा. नळी चिमटीत दाबून सिरिंज सोडवा, परत जोडा, परत ओढा. व्हॉल्व्हच्या खिडकीतून आतली दांडी वर सरकताना दिसली पाहिजे आणि नळी दाबून धरली असताना अर्धा मिनिट तरी तिथेच थांबली पाहिजे. लगेच खाली आली तर डायफ्राम फाटलाय. हा व्हॉल्व्ह कितीही घासला तरी उपयोग नाही. दांडी सरकलीच नाही तर कार्बनने जाम आहे. हीच चाचणी इंजिन आयडलिंगला ठेवून केली तर दांडी उचलताना आवाज जड झाला पाहिजे. दांडी उचलते पण आवाज तसाच, तर व्हॉल्व्ह ठीक, पुढची पाइप किंवा कूलर बुजलाय.

पंपाचा व्हॅक्यूम मोजायचा असेल तर गेजवर समुद्रसपाटीला ६५० मिलिमीटर पारा आणि त्याच्या वर, घाटमाथ्यावर ६०० च्या वर मिळायला हवा. कमी असेल तर ईजीआर बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक बघा. हलक्या गाड्यांत ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर असतो. ब्रेक जड लागतो अशी तक्रार ईजीआरच्या कोडबरोबर आली तर ती गाडी माल भरून घाटात पाठवू नका.

इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर वायरिंग. एक्झॉस्टच्या बाजूने जाणारा हार्नेस वितळतो, कनेक्टरमध्ये तेल शिरतं, पिना हिरव्या पडतात, आणि गोदामात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर खातात. सेन्सरला पाच व्होल्ट येतात का आणि अर्थिंग नीट आहे का हे मल्टिमीटरने बघा. अर्थिंगवर दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बॉडीचं अर्थिंग घासून परत आवळा. हे वायरमनचं दहा मिनिटांचं काम आहे आणि नव्या व्हॉल्व्हच्या आधी व्हायला हवं.

खोललाच आहे तर कार्बन वाचा

व्हॉल्व्ह खोलल्यावर लगेच स्प्रे मारू नका. आधी बघा. नंतर हा पुरावा मिळणार नाही.

कोरडा, मखमलीसारखा, बोटाला लागून उडणारा काळा कार्बन म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजेक्टर, टर्बोची हवा गळणं, चोक फिल्टर इकडे बघा.

चकचकीत, ओला, बोटाला चिकटून तार धरणारा कार्बन म्हणजे त्यात तेल आहे. ब्रीदर, टर्बोची सील, किंवा थंड चालणारं इंजिन. मॅनिफोल्डच्या तोंडाशी हाच थर जमून नळीचा घेर निम्मा झालेला दिसतो. अशा वेळी व्हॉल्व्ह एकटा साफ करून उपयोग नाही, इनटेक मॅनिफोल्ड उतरवावाच लागतो. व्हॉल्व्ह साफ करून महिन्यात परत येणाऱ्या गाड्यांमध्ये हे फार आढळतं: डांबर मॅनिफोल्डमध्ये तसंच होतं.

आणि राखाडी-पांढरी खपली, किंवा सगळीकडे काळं असताना मध्येच एक पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ. तिथे पाणी आलंय. कूलर. त्याच्याबद्दल पुढे.

साफ करताना धातूचा भाग डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला तर निम्मं काम आपोआप होतं. मोटरचा किंवा डायफ्रामचा भाग मात्र बुडवू नका. कॉस्टिकचं पाणी ॲल्युमिनियम खातं, ते वापरू नका. बसण्याच्या जागी स्क्रूड्रायव्हरने खरवडलं की व्हॉल्व्ह पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. पितळी ब्रश वापरा. पत्र्याचं पॅकिंग एकदा दबलं की गेलं, जुनं परत घालायचं नाही. मास्क लावा, ती काजळी छातीत जायची वस्तू नाही. आणि इंजिन गरम असताना कार्ब क्लीनर मारला तर पेट घेतो.

ईजीआरच्या पाइपाच्या मध्ये जो लवचिक घडीचा भाग असतो त्याच्यावर हात फिरवा. कंपनाने तिथे चीर जाते. खूण म्हणजे बाजूच्या लोखंडावर काळी पिचकारी मारल्यासारखा डाग आणि रेस देताना शिट्टी. ही चीर असली की गॅस बाहेर जातो आणि पी०४०१ येतो, व्हॉल्व्ह निर्दोष असून.

काजळी कुठून येते

परत परत होणाऱ्या त्रासाचं उत्तर इथे आहे, आणि गॅरेजमध्ये सगळ्यात कमी वेळ याच भागाला मिळतो.

पहिला संशयित थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह. "इंजिन गरम होतं म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकलाय" हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या ट्रकबद्दल ऐकायला मिळतं. थर्मोस्टॅट काढला की थंडीत सपाट रस्त्यावर इंजिन साठ-पासष्ट अंशांच्या वर चढतच नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे. तो इंजेक्शनचा हिशोब थंड इंजिनाचा धरतो. सिलिंडरच्या भिंती थंड, डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी ओली राहते आणि थंड मॅनिफोल्डला चिकटते. वर काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटर चुकवून फिरतं आणि ज्या गरम होण्यासाठी तो काढला ते आणखी वाढतं. स्कॅनरवर पाण्याचं तापमान बघा. अर्धा तास चालवल्यावर ऐंशीच्या आसपास स्थिर हवं. नसेल तर नवा थर्मोस्टॅट घाला, आणि इंजिन गरम का होत होतं ते रेडिएटरमध्ये शोधा.

दुसरा, ब्रीदर. इंजिन ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये जाते, मध्ये तेल वेगळं करणारा भाग असतो. तो बुजला की तेल काजळीत मिसळतं. टर्बोच्या पाइपात तेलाचा पातळ थर चालतो. पाइप काढल्यावर तेल थेंबथेंब ओघळत असेल तर चालत नाही. आयडलिंगला ऑइलचं झाकण सोडवून तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली येतोय, आणि मग ईजीआरपेक्षा इंजिनाचा विचार करा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर भरायची सवय असेल तर तीही थांबवा.

तिसरा, टर्बोनंतरची गळती. इंटरकूलरचे रबरी पाइप आणि त्यांचे क्लिप. पाइपावर तेलाची ओली रेष दिसली की तिथून हवा जातेय. साबणाचं पाणी मारून कुणाला तरी रेस द्यायला सांगा. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणजे काजळी.

इंजेक्टरसाठी पंपवाल्याकडे (डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे) जायच्या आधी परत येणाऱ्या डिझेलची बाटली-चाचणी घरच्या घरी होते: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन थोडा वेळ चालवा, एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप आधी भरली तर त्या इंजेक्टरवर खूण करा. नोझल टपकतोय का हे मात्र पंपवाल्याच्या बेंचवरच कळतं.

पी०४०२ येत असेल आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत असेल तर सायलेन्सरच्या बाजूचा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बुजलाय का बघा. मागे दाब वाढला की ईजीआरच्या वाटेने जास्त गॅस ढकलला जातो.

आणि वापर. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे ट्रक तासन्‌तास रांगेत असतो, दर थोड्या वेळाने दोन-चार फूट सरकायचं म्हणून इंजिन चालूच. बाजार समितीच्या आवारातही तेच. आयडलिंगला ईजीआर सगळ्यात जास्त उघडा आणि इंजिन सगळ्यात थंड. अशा गाडीला हंगामात दोनदा सफाई लागली तर ती गाडीची चूक नाही. रांगेत इंजिन बंद करा, आणि आठवड्यातून एकदा तरी भरलेली गाडी हायवेला अर्धा तास एक गिअर खाली ठेवून दोन ते अडीच हजार आरपीएमवर चालवा. उभ्या गाडीला नुसती रेस देऊन हे होत नाही.

कूलर फुटला की हेड गॅस्केटचं नाव घेतात

मिरजेकडचा एक ट्रक. ड्रायव्हर रोज सकाळी रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी घालायचा. खाली कुठे थेंब नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर, गोडसर वास, दहा मिनिटांनी सगळं बंद. मालकाला एका गॅरेजने हेड उतरवायचा खर्च सांगितला होता. ऑइल मात्र स्वच्छ होतं, दुधाळपणा नाही. थंड इंजिनावर रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून एक बार दाब भरला, ईजीआरची इनटेककडची पाइप सोडून ठेवली आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा गेजचा काटा खाली आला होता आणि कूलरच्या तोंडाशी हिरवट थेंब लोंबत होता. हेडला हात लावावा लागला नाही.

खात्री करायची असेल तर कूलर उतरवून पाण्याच्या वाटेची तोंडं बंद करा, आत हवा भरा आणि पंक्चर बघतात तसं पाण्यात बुडवा. पाणी गरम घ्या. बारीक चीर थंडीत मिटलेली असते आणि तापल्यावर उघडते. थंड पाण्यात बुडबुडे न आलेला कूलर गाडीवर गळू शकतो. वेल्डिंग करून घेतलेला कूलर टिकतो असं मला तरी दिसलेलं नाही.

कूलर वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गेला तर पाण्याकडे बघा. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलं की क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतात, तिथलं पाणी उकळतं आणि धातू चिरतो. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात आणि साध्या नळाच्या नव्हे तर बॅटरीच्या पाण्यात मिसळा.

अशी गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन अर्ध्यात अडलं तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

पत्रा मारून टाकू का?

म्हणजे पत्रा घालून ईजीआरची वाट कायमची बंद करू का, हा प्रश्न येणारच. तपासणीसाठी पत्रा कामाचा आहे: व्हॉल्व्ह आणि पाइप यांच्यामध्ये जाड पत्र्याचा तुकडा घालून एक फेरी मारा. काळा धूर गेला तर व्हॉल्व्ह गळतोय हे पक्कं. नाही गेला तर ईजीआर निर्दोष, टर्बो आणि इंजेक्टरकडे वळा. फेरी झाली की पत्रा काढायचा.

कायमचा ठेवायला मी तयार होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असा फेरफार करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या निकषांबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. "पीयूसीत तर पास होते" असं लोक म्हणतात. होणारच. डिझेलच्या पीयूसीत धुराचा गडदपणा मोजतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत. धंद्याच्या दृष्टीनेही बघा: ज्या गाड्यांत ईसीएम प्रवाहावर लक्ष ठेवतो तिथे पत्रा मारला की पी०४०१ कायमचा बसतो आणि ताकद कापली जाते. मग तो दिवा बंद करायला ईसीएमची फाइल बदलून घेतात, आणि उद्या रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) खरा बिघाड झाला तर तो सांगायला दिवा उरलेला नसतो. आणि गळणारा इंजेक्टर, काढलेला थर्मोस्टॅट, फाटलेला पाइप, हे पत्र्याच्या मागे तसेच चालू राहतात.

बसवल्यानंतर

इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह साफ करून किंवा नवा बसवून झाल्यावर स्कॅनरमधून त्याचं लर्निंग करून घ्या. जुना व्हॉल्व्ह कार्बनमुळे जिथे थांबत होता तीच जागा ईसीएम 'बंद' समजत असतो. लर्निंग न केल्यामुळे पी०४०४ परत येतो आणि नवा व्हॉल्व्ह खराब निघाला म्हणून दुकानात परत नेला जातो.

मग कोड पुसा, गाडी पूर्ण गरम करून चालवा आणि वहीत तीन आकडे लिहा: पाण्याचं तापमान, आयडलिंगला ईजीआर बंद असतानाची हवा, आणि उघडल्यावरची हवा. हजार किलोमीटर झाल्यावर परत तेच तीन आकडे घ्या. पहिला बदलला तर थर्मोस्टॅट किंवा कूलंट. दुसरा घसरला तर फिल्टर किंवा एअर मास सेन्सर. नुसता तिसरा वर चढत चालला तर वाट पुन्हा भरतेय, म्हणजे काजळीचं मूळ अजून सापडलेलं नाही. ब्रीदर आणि इंजेक्टरकडे परत जा, व्हॉल्व्हला हात लावू नका.